भिंत बदलली, शेजार बदलला

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन हादरली. ज्या माळवदाने पिढ्यानपिढ्या उन्हाळा सुसह्य केला, त्याच मातीच्या जड छताखाली हजारो माणसे गाडली गेली.

जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर मिळाले ते जमिनीच्या हिशेबाने: भूमिहीनांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्यांना ७५०. ओळीही त्याच हिशेबाने लागल्या, त्यामुळे भावकी आणि जुना शेजार पांगला. सरळ, रुंद रस्त्यांची गावे जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरली. बोळ गेला, पार गेला. दारातल्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय गेली, आणि एका म्हातारीसाठी ती फार मोठी गोष्ट असते.

लोकांनी मग आपणच उत्तर शोधले. घरापुढे पत्र्याचे छप्पर, अंगणाला कुंपण, गुरांना गोठा, दारात लिंब.

असे झाड नुसते दिसण्याचेही मोल संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली मांडले. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनाशामकेही त्यांना कमी लागली.

नवे घर बांधणाऱ्यांनो, भूकंपरोधक पट्टे घालाच. पण नकाशात ओसरीला आणि एका लिंबाला जागा ठेवा.