दातांवर पांढरे कवच चढवण्याआधी

मुलगी पाहायला पाहुणे येतात. मुलगी शिकलेली असते, कामाला वाघीण असते, पण चहा-पोहे देताना ओठ घट्ट मिटून ठेवते. कारण दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. पाहुण्यांतली एखादी बाई उठताना म्हणून जाते, ‘पोरगी दात घासत नाही वाटतं.’ ही एवढीशी गोष्ट घराला महिनाभर जाळत राहते. मग कुणीतरी सांगते, शहरात दातांवर पांढरे कवच चढवून मिळते, करून टाका. आणि आई-बाप उसनवारीला निघतात.

माता-भगिनींनो, पैशाची जुळवाजुळव करण्याआधी हे पट्टे कशाचे आहेत ते पाहा. बीड जिल्ह्यात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर आणि हातपंप वाढले. विहिरी आटल्या तशी माणसे खोलवरचे पाणी पिऊ लागली. खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले आणि मूल तेच पाणी पीत वाढले, की जबड्यात घडत असलेले पक्के दात डागाळूनच बाहेर येतात. साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत हा धोका असतो. म्हणजे हा दोष घासण्याचा नाही, पोरीचाही नाही. राख, विटकर, मीठ कितीही घासले तरी डाग जात नाहीत, उलट दात झिजतात. बाजारात मिळणारी दात पांढरे करण्याची पावडर तर मुळीच लावू नका. तिच्यात आम्ल असले तर दाताचा वरचा थरच खाऊन टाकते.

मिश्रीचे काळे डाग वेगळे. ते वरवरचे असतात, डॉक्टरांनी मशीनने दात साफ केले की बरेचसे निघतात. साफ केल्याने दात हलतात ही समजूत खोटी आहे. दात आधीच हिरडीतून सुटलेले असतात, फक्त साचलेल्या किटणाने धरून ठेवलेले असतात. मिश्री लावणाऱ्या बाईने तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर कवचाचा विचार बाजूला ठेवून आधी तो डॉक्टरांना दाखवावा.

आता कवचाकडे येऊ. डॉक्टर त्याला व्हेनियर म्हणतात. नखावर दुसरे पातळ नख चिकटवावे तसे ते दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवतात. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने सिनेमातल्या नटांसाठी हे काढले. तेव्हा ते शूटिंगपुरते लावायचे आणि नंतर काढून ठेवायचे! पक्के बसणारे चिनी मातीचे, म्हणजे पोर्सेलिनचे कवच १९८० नंतर आले.

पोर्सेलिनसाठी दोन-तीन खेपा लागतात. पहिल्या खेपेस तपासणी, एक्स-रे आणि रंग जुळवणे. दुसऱ्या खेपेस गरजेप्रमाणे सुई देऊन दाताचा पुढचा भाग सुमारे अर्धा मिलिमीटर तासतात, माप घेतात आणि तात्पुरते कवच लावतात. आठ-पंधरा दिवसांनी पक्के चिकटवतात. सुई दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. तेवढा वेळ गरम चहा पिऊ नये, ओठ चावला तरी कळत नाही. पुढे काही दिवस थंड-गरम झोंबते, ते बहुधा आपोआप कमी होते. दुसरा प्रकार कॉम्पोझिटचा. तो स्वस्त असतो, बहुधा एकाच बैठकीत होतो, पण पाचसात वर्षांत डागाळतो किंवा तुकडा उडतो. पोर्सेलिन नीट जपले तर दहा-पंधरा वर्षे चालते. त्याला मात्र एकेका दाताला हजारो रुपये लागतात.

खरी मेख इथे आहे. तासलेला दात पुन्हा भरून येत नाही. एकदा कवच घेतले की जन्मभर त्या दाताला काही ना काही आवरण लागणारच. आज वीस वर्षांच्या मुलीला हा खर्च आयुष्यात दोन-तीनदा तरी करावा लागेल. लग्नाआधी बापाने केला, पुढचा कोण करणार, हे आजच विचारलेले बरे. शिवाय फ्लोराइडच्या दातावर कवच थोडे कमी घट्ट चिकटू शकते. म्हणून डाग फिके असतील तर वरचा थर हलका घासून किंवा औषधाने रंग उजळून काम भागते का, हे डॉक्टरांना आधी विचारा. अठरा वर्षांच्या आत तर घाई नकोच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या तोंडावर, गाडी भरायच्या आठवड्यात हे काम सुरू करू नका. तात्पुरते कवच घेऊन फडावर गेलात आणि ते निघाले, तर तासलेला दात उघडा पडतो. मुकादमाची उचल यासाठी मोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि कवच बसल्यावर त्या दातांनी ऊस सोलायचा नाही, हाड फोडायचे नाही, बाटलीचे झाकण उघडायचे नाही. फडावर राहून ऊस न सोलणे किती अवघड, ते आम्हालाही कळते!

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खाजगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत उपचार होतात. विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून वेळ जास्त लागतो आणि खेपा वाढतात. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी हिशेबात धरा. खाजगीत गेलात तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा आणि पक्की पावती घ्या. चौकात बसून दात बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

घरात लहान भावंडे असतील तर ती आज कोणते पाणी पितात तेही पाहा. ताईचे दात झाकले, पण धाकट्याचे दात त्याच हातपंपावर घडत असतील. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तपासून घेता येतो, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. पावसाचे साठवलेले पाणी किंवा तपासलेल्या नळाचे पाणी निदान आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तरी वेगळे भरून ठेवावे.