दुष्काळ आणि कुऱ्हाडीचा आरोप

धान बुडालं की जंगलाकाठचा माणूस कुऱ्हाड घेऊन रानात शिरतो, तेव्हा जंगल वाचवायचं तर गावाला त्यापासून लांब ठेवा, हा समज हवामान बदलाच्या चर्चेत हटकून निघतो. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांचा वर्षभराचा हिशेब पाहिला तर तो टिकत नाही. इथली धानशेती बरीचशी पावसावर चालते. रोवणीच्या वेळी पावसाने दडी मारली की पऱ्हे वाफ्यातच राहतात. अशा वर्षी घर तगतं ते उभ्या झाडांवर. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मग चारोळी आणि तेंदूपत्ता. मोहाची मुळं खोल जातात, त्यामुळे शेत करपलं तरी झाड सहसा फुलतं. वाळवलेली फुलं महिनोन्‌महिने टिकतात. खाता येतात, विकताही येतात. तोडलेला मोह एकदाच पैसे देतो, हे सांगायला तिथे शहरातून कोणी जाण्याची गरज नाही.

तरीही शंका उरत असेल तर दाखले आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जंगल संपलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला हा हक्क 2012 मध्ये मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून त्या ग्रामसभेने हातचं उत्पन्न सोडून पत्ता तोडणंच बंद केलं. लॅटिन अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेणारा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2021 चा अहवालही सांगतो, की आदिवासींचे हक्क मान्य झालेल्या भागांत जंगलतोड कमी आहे. आरोपात तथ्य आहे ते आगीपुरतं: फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळला जातो. त्यावर उपाय झाडाखाली जाळी बांधण्याचा आहे, गाव हटवण्याचा नव्हे.

‘मोह म्हणजे दारू’ हे अर्धसत्य. फुलं भाकरीत, लाडवातही जातात. ‘झाडं लावली की तोडलेल्या जंगलाची भरपाई झाली’ हेही खोटं, कारण नुसत्या सागाच्या लागवडीत वेचायला मोह नसतो, चारोळीही नसते.

‘जंगल आहे, मग यांना हवामान बदलाची झळ कसली?’ असंही विचारलं जातं. अवकाळी पावसात वाळत घातलेली मोहफुलं काळी पडून सडतात, गारपिटीत तेंदूची पानं फाटतात. धानाला निदान पीकविमा मिळतो. मोहफुलं त्या यादीत नाहीत.