दहा बाय पंधराची खोली आणि वीस माणसांची मॅच

लालबाग-परळच्या चाळीत आणि वस्तीत मोठी मॅच एकट्याने कुणी बघत नाही. ज्याचा टीव्ही मोठा, त्याच्या दारात चपलांचा ढीग. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा हीच तऱ्हा होती आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले तेव्हाही हीच. आम्ही वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या बायका. अशा वेळी आम्हीही सगळ्यांसारख्याच ओरडतो. पण आमची अर्धी नजर खोलीवर असते. कोण घामाघूम झाले, कोण गुपचूप उठून गेले, कोण आत न येता दाराशीच उभे राहिले, हे आम्हाला दिसते.

पाहुणचार म्हटला की आपल्या डोक्यात आधी खाणे येते. चिवडा गल्लीतून चिवडा आणायचा, भजी तळायची, थंडा मागवायचा. पण लहान खोलीत आलेल्या माणसाला सगळ्यात आधी हवी असते ती हवा. नुसते बसलेले माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकते. वीस माणसे म्हणजे दोन हजार वॅट, म्हणजे खोलीत एक गिझरच चालू ठेवल्यासारखे. वरून पत्रा असेल तर बघायलाच नको. पंखा हवा थंड करत नाही आणि बदलतही नाही, आहे तीच हवा फिरवतो. म्हणून दार आणि खिडकी दोन्ही उघडी हवीत, एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर. टीव्हीवर उजेड पडतो म्हणून बरेच जण पडदे ओढून घेतात. त्यापेक्षा टीव्हीचे तोंड फिरवा. समोरासमोर खिडकी नसेल तर एक टेबलफॅन दाराशी बाहेरच्या दिशेने लावा. कोंदट हवा बाहेर जाईल.

हवेचा विषय निघाला की आमच्या भागात क्षयाचे नाव घ्यावेच लागते. गिरण्यांच्या काळापासून हा आजार इथल्या कोंदट खोल्यांना चिकटून आहे. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आम्ही काय बघतो, तर औषध सुरू असलेल्या मुलीला मॅचला बोलावतच नाहीत. बोलावले तरी गॅलरीत स्टूल देतात आणि चहा वेगळ्या कपात. तो कप नंतर कोपऱ्यात ठेवून देतात.

पळवणकर बाळू हे नाव आपल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. चर्मकार घरातला हा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. (पुढे १९३७ ला ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि हरले, ती वेगळी कथा.) पुण्यात खेळत असताना चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता, कप चालत नव्हता. त्या कपाचा इतिहास आपल्याइतका कुणाला ठाऊक असणार? तरी आजाराच्या नावाखाली तोच कप आपल्या घरात परत येतो, याचा आम्हाला राग येतो.

शास्त्र अगदी सरळ आहे. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि हवेतून पसरतात. कप, ताट, चादर, हात मिळवणे यातून क्षय होत नाही. साधा क्षय असेल आणि औषध रोज नीट चालू असेल, तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. औषधाला दाद न देणारा क्षय असेल तर कधी मिसळायचे ते डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनी मिसळायला हरकत नाही म्हटले की त्या मुलीला आत बोलवा, खिडकीजवळची चांगली जागा द्या, सगळ्यांसारखाच कप द्या. खरी काळजी आहे ती दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असलेल्या आणि तपासणी न केलेल्या काकांची. त्यांना तोंडावर रुमाल किंवा मास्क लावायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासायला न्या. तिथे पैसे पडत नाहीत.

आता जे कुणी बोलत नाही ते. एकदिवसीय सामना सात-आठ तास चालतो. पुरुष उठून कुठेही जाऊन येतात. बाई सकाळपासूनच पाणी कमी पिते, कारण सार्वजनिक संडास लांब, दिवा गेलेला, कडी तुटलेली. परक्या गल्लीत आलेली पाहुणी तर विचारायलाही लाजते. लघवी रोखून धरली आणि वर पाणीही प्यायली नाही, की जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे सुरू होते. गरोदर बाईला तर हे फारच महागात पडते. म्हणून घरच्या बाईने आल्याआल्याच सांगून टाकावे, ‘ताई, संडास त्या बाजूला आहे, मी येते सोबत.’ डाव संपला की दोघी-तिघींनी बॅटरी आणि पाण्याची बादली घेऊन एकत्र जाऊन यावे. घरात मोरी असेल तर ती मोकळी ठेवा, मॅचच्या दिवशी तिथे भांड्यांचा ढीग नको. साखरेचा आजार असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना वरचेवर जावे लागते, त्यांना दाराजवळ बसवा. भिंतीला टेकून, पाय पसरता येतील असे, आणि गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर. पिण्याचे पाणी सगळ्यांच्या हाताला येईल असे ठेवा. मागावे लागले की माणूस मागत नाही.

खाण्याबद्दल थोडेच सांगतो. चिवडा, फरसाण, वेफर यांत मीठ भरपूर, रक्तदाबवाल्यांना मूठभर पुरे. कोलाच्या पाव लिटरमध्ये पाच-सहा चमचे साखर असते. लिंबूपाणी, ताक, उकडलेले शेंगदाणे, काकडी स्वस्तही पडतात. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याचे जेवण मॅच संपेपर्यंत लांबवू नका. हात थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालू नका, दवाखाना गाठा. दारूचे म्हणाल तर पाचवे शील आपण सगळे म्हणतो, आम्ही पुन्हा म्हणून दाखवत नाही.

तळण आधी उरकून घ्या. विकेट पडली की पोरे उड्या मारतात आणि चार हातांवर उकळत्या तेलाची कढई असते. भाजले तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, हळद नको. टीव्ही, कूलर, इंडक्शन एकाच एक्स्टेंशनवर नको. आणि तळण आधी झाले की आणखी एक गोष्ट होते, घरच्या बाईला मॅच दिसते. मुलींच्या त्या अंतिम सामन्याच्या रात्रीही कितीतरी बायका गॅसपाशीच होत्या, नुसता आरडाओरडा ऐकून ‘काय झालं, काय झालं’ विचारत.

शेवटच्या षटकांत छाती धडधडते हे आपण हसण्यावारी नेतो. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला तेव्हा म्युनिकच्या परिसरात डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण एरवीच्या २.६६ पट होते आणि आधीच हृदयाचा त्रास असलेल्यांना धोका जास्त होता. तेव्हा आप्पांनी संध्याकाळची गोळी घेतली का, हे मॅच सुरू होतानाच विचारा. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, बायकांमध्ये कधी नुसती धाप, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे, असे दिसले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा-सोडा देत बसू नका. टीव्ही बंद करा, बसवा, कपडे सैल करा, १०८ ला फोन लावा. इथून केईएम जवळ आहे. पण जिना चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणा.

आवाजाचेही बघा. भिंतीपलीकडे रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला असतो, नाहीतर बाळंतीण असते. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तक्रार होत नाही, कधी कधी तेच चहाला येतात.

नवी मुंबईचा तो सामना पावसाने दोन तास उशिरा सुरू झाला आणि संपला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अशा वेळी फटाके वाजवायला सगळे खाली धावतात आणि आजीबाई अंधाऱ्या जिन्यावर एकट्या कठडा चाचपत उतरतात. दोन मोठ्या मुलांना आधीच नेमून ठेवा. एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने आजींच्या एक पायरी पुढे राहून हात द्यायचा.