न दिलेले घेणे : आपल्या फोटोंची चोरी आणि आपले कर्तव्य

विहारात दर रविवारी आपण पंचशील ग्रहण करतो. दुसरे शील म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर खिसेकापू येतो, घरफोड्या येतो, फार तर वजनात मारणारा दुकानदार येतो. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. या न दिलेल्या वस्तूंत माणसाचा चेहराही येतो, हे आम्हाला नावड्यातील एका घरच्या दुःखाने शिकवले. त्यात पहिली चूक आमचीच होती, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

नावड्यात सिडकोच्या इमारती आहेत, शेजारी तळोजाची औद्योगिक वसाहत आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा चारी दिशांनी पोटासाठी आलेली आपली कुटुंबे येथे राहतात. गावाकडचा गोतावळा दूर राहिल्यामुळे मुलामुलींची लग्ने जुळवणे अवघड जाते. म्हणून आम्ही दहा-बारा कार्यकर्त्यांनी वधू-वर परिचय मेळावा भरवला आणि पुस्तिका काढली. प्रत्येक पानावर फोटो, जन्मतारीख, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय आणि मोबाईल नंबर. छापलेल्या प्रती संपल्या तेव्हा कोणीतरी सुचवले की पीडीएफ करून ग्रुपवर टाका, खर्चही वाचेल. आम्ही टाकली. त्या ग्रुपवरून ती दुसऱ्या ग्रुपवर, तेथून तिसऱ्या गावी गेली. जमाखर्च लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्ही हा एक हिशेब मात्र ठेवला नाही.

तीनेक महिन्यांनी पुस्तिकेतील एका मुलीच्या वडिलांना सातारा जिल्ह्यातून फोन आला. पलीकडचे गृहस्थ संतापलेले होते. "तुमच्या मुलीनं आमच्या मुलाकडनं अकरा हजार घेतले आणि आता फोन उचलत नाही. ही काय रीत झाली?" वडिलांना काही कळेना. नंतर उलगडा झाला तो असा : समाजमाध्यमावर कोणीतरी भलत्याच नावाने खाते उघडले होते, त्यावर या मुलीचा फोटो होता आणि लग्नाच्या बोलण्याच्या नावाखाली मुलांकडून पैसे उकळले जात होते.

वडिलांनी आधी मुलीलाच धारेवर धरले. आईने शेजारणींकडे जाणे बंद केले. औषधाच्या दुकानात कामाला जाणारी ती मुलगी आठ दिवस घराबाहेर पडली नाही. आम्ही समजूत घालायला गेलो तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "काका, मी फोटो तुमच्याकडे दिला होता, पुस्तिकेसाठी." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

फोटो कोठून कोठे जातो

हे एकाच घरचे रडगाणे नाही. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आपल्याच राज्यातील एका सामान्य महिलेची याचिका आली होती. ओळखीच्या स्थानिक छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या परदेशी संकेतस्थळावर ठेवला. फोटो विकत देणारे हे दुकानच म्हणा ना. तेथून तो फोटो केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या, महाराष्ट्रासह चार राज्यांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या प्रचारसाहित्यात गेला. त्या बाईच्या परवानगीचा कागद कोठेच नव्हता. सकृद्दर्शनी हा फोटोचा व्यापारी गैरवापर दिसतो, असे म्हणून न्यायालयाने सर्वांना नोटिसा काढल्या.

जुलै 2024 मध्ये तीर्थदर्शन योजनेच्या सरकारी जाहिरातीत शिरूर तालुक्यातील एका वृद्धाचा फोटो झळकला. ते गृहस्थ काही वर्षांपासून बेपत्ता होते आणि घरच्यांना ते दिसले ते थेट जाहिरातीत. फेब्रुवारी 2021 मध्ये घरकुल योजनेच्या जाहिरातीत 'हक्काचे घर मिळालेली' म्हणून कोलकात्यातील एका महिलेचा फोटो छापून आला. ती बाई भाड्याच्या खोलीत राहत होती. गंगासागर यात्रेच्या वेळी शौचालये साफ करण्याचे काम केले, तेव्हा कोणी तरी फोटो काढला असेल, असे तिने पत्रकारांना सांगितले. वाचकहो, या फोटोंतील माणसे पाहा. गरिबाचा चेहरा फुकटचा समजला जातो. त्याला विचारावे लागते, हेच मुळी कोणाच्या मनात येत नाही.

आणि चेहऱ्याची चोरी द्वेषापोटीही होते. जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडण्यात आला. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. बोलणाऱ्या बाईला गप्प बसवणे हाच त्यामागचा हेतू. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून थोड्याच दिवसांत परराज्यांतून अटका केल्या. पकडले गेलेले बहुतेक विशीच्या आसपासचे, शिकणारे तरुण होते. आज त्यांच्या लेकी, उद्या आपल्या. सभेत भाषण करणाऱ्या, लेख लिहिणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानी घ्यावे.

घाबरून पुरावा पुसू नका

त्या मुलीच्या घरी पहिली सूचना निघाली ती अशी की सगळे फोटो काढून टाक आणि मोबाईलच बंद कर. आम्ही कारकुनी पेशातले, कागदावाचून काम चालत नाही हे आम्हाला ठाऊक. म्हणून आधी पुरावा गोळा केला. खोट्या खात्याचे पूर्ण पान दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, पानाचा पत्ता म्हणजे लिंक जशीच्या तशी उतरवून घेतली, तारीख व वेळ वहीत लिहिली. सातारच्या गृहस्थांनाही विनंती केली, तेव्हा त्यांनी पैसे पाठवल्याची नोंद व संभाषण पाठवले. मूळ फोन आणि मूळ फाईल जपून ठेवावी. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळच नसेल तर प्रमाणपत्र कशाचे देणार? आपला फोटो आणखी कोठे फिरतो आहे हे गूगल लेन्समध्ये तोच फोटो टाकून बऱ्याच अंशी कळते.

दुसरे काम संकेतस्थळाकडे तक्रार. प्रत्येक समाजमाध्यमाने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, त्याचे नाव व पत्ता जाहीर केला पाहिजे, असा 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा दंडक आहे. नग्न वा अर्धनग्न फोटो, छेडछाड करून बनवलेले फोटो आणि दुसऱ्याचे सोंग घेणारी खाती यांबाबत खुद्द पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर हटवण्याची कारवाई नियमांत ठरवून दिलेल्या तासांच्या मुदतीतच करावी लागते. आमची पहिली तक्रार 'नियमभंग आढळला नाही' म्हणून परत आली. चुकीचा रकाना भरला होता. दुसऱ्यांदा मुलीने स्वतःच्या नावाने 'माझे सोंग घेतले आहे' या सदराखाली ओळखपत्रासह तक्रार केली, आणि ते खाते बंद झाले. अर्ज योग्य टेबलावर गेला पाहिजे, ही सरकारी कचेरीतली रीत इंटरनेटवरही लागू आहे.

खाजगी स्वरूपाचे फोटो पसरवण्याची कोणी धमकी देत असेल, तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही मोफत सोय 2021 पासून आहे. तेथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी माध्यमे तो फोटो ओळखून अडवू शकतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी टेक इट डाऊन ही तशीच वेगळी सोय आहे. धमकावणाऱ्याला पैसे मात्र कदापि देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

कायदा आपल्या बाजूने उभा आहे

तिसरे काम पोलीस तक्रार. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते, महिला व मुलांसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर तात्काळ फोन करावा. पोलीस ठाण्यात हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करावा. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. तरीही नकार मिळाला तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

कलमांचा थोडका तपशील देतो. संगणकाद्वारे सोंग घेऊन फसवणूक : माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम 66 ड, तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड. गुप्तांगाचे चित्र संमतीविना टिपणे वा पसरवणे : कलम 66 ई, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अश्लील मजकूर : कलम 67. स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग : भारतीय न्याय संहिता, कलम 78. आणि एखाद्या भगिनीच्या फोटोखाली जातीवरून अपमान केला असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 3 लावण्याची मागणी लेखी करावी. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, फक्त जातीचा दाखला हाताशी ठेवा. आपल्या दिवंगत महापुरुषांच्या चित्रांची विटंबना करणाऱ्यांसाठीही याच कलमात 2015 च्या दुरुस्तीने तरतूद झाली आहे.

आता फोटो नक्की कोणाचा, हा प्रश्न. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सामान्यतः फोटो काढणारा त्याचा मालक. पण आपण मोबदला देऊन काढवून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, आपल्या मालकीचा. म्हणजे लग्नाचे फोटो स्टुडिओवाल्याने स्वतःच्या जाहिरातीत टाकायचे असतील तर त्याने आपल्याला विचारले पाहिजे. ऑर्डर देतानाच बिलावर एक ओळ लिहून घ्या. सेल्फी तर सर्वस्वी आपलीच. आणि मालकी कोणाचीही असो, चेहरा ज्याचा त्याची इज्जत त्याच्याकडेच राहते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो संविधानाच्या अनुच्छेद 21 च्या आधारावर. परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाचे हे अनुच्छेद त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीच्या चेहऱ्यावरही छत्र धरते.

आपणही तपासून पाहू

परक्यांना बोल लावताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. कोठे अत्याचाराची घटना घडली की संतापाच्या भरात आपणच पीडित भगिनीचा फोटो, नाव, गाव पुढे पाठवतो. हेतू न्यायाचा असतो, पण बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदाही तेच सांगतो. निषेधाचा फलक लिहा, मोर्चा काढा, निवेदन द्या, पण त्या लेकीचा चेहरा वापरू नका.

आमच्या मंडळाने स्वतःपुरते चार नियम केले आहेत. परिचय पुस्तिका ग्रुपवर टाकायची नाही. पुस्तिकेत मोबाईल नंबर मंडळाचा राहील, मुलीचा नाही. नोंदणी अर्जावर 'हा फोटो फक्त या पुस्तिकेसाठी देत आहे' अशी ओळ आणि मुलामुलीची स्वतःची सही, नुसती वडिलांची चालणार नाही. आणि बुद्ध पौर्णिमा, भीमजयंतीचे फोटो टाकण्यापूर्वी त्यातील माताभगिनींना विचारायचे. पहिल्या बैठकीत एकजण म्हणाले, एवढ्याने काय होणार, पीडीएफ तर गेलीच. खरे आहे. गेलेली पीडीएफ आम्हाला परत आणता येत नाही. महिन्याभराने त्याच फोटोचे आणखी एक खाते निघाले, पुन्हा तक्रार करून तेही बंद करावे लागले. पोलिसांचा तपास अजून चालू आहे, सातारच्या मुलाचे पैसे मिळालेले नाहीत.

तरी दोन गोष्टी घडल्या. सातारचे गृहस्थ सर्व कागद पाहिल्यावर मुलीच्या वडिलांना भेटायला नावड्यास येऊन गेले, चहा घेतला, "आमचंही चुकलं, पोरीला बोलायला नको होतं," म्हणाले. आणि नव्या नोंदणी अर्जाचा मसुदा आम्ही त्या मुलीलाच वाचायला दिला. तिने पेन घेऊन एक ओळ वाढवली : 'लग्न जमल्यावर माझा फोटो व माहिती मंडळाच्या संगणकातून काढून टाकावी.' आम्हा कारकुनांच्या हे ध्यानातही आले नव्हते.

समाजबांधवहो, आपापल्या मंडळाच्या, विहाराच्या, बचतगटाच्या संगणकात आणि फोनमध्ये कोणाकोणाचे फोटो पडून आहेत ते या रविवारी एकदा पाहा. ज्यांनी दिले, ते कशासाठी दिले होते हे आठवा. तेवढ्यापुरते वापरा, बाकीचे काढून टाका. आणि ज्या घरी असा प्रसंग आला असेल, तेथे मुलीला जाब विचारण्यापूर्वी तिच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चला.

जयभीम.