जुनी चिठ्ठी काढा, पण आधी ठसा वाचा

जव्हारच्या बाजारपेठेत काय किंवा मोखाड्याच्या नाक्यावर काय, ग्रिल, दरवाजे, ट्रॉल्या व शेतीची अवजारे बनविणाऱ्या कारागिराच्या दुकानात ऑक्सिजनचा काळा बाटला असतोच. अशा काही बाटल्यांवर आम्हाला एकावर एक तीन-तीन चिठ्ठ्या आढळल्या. एक फाटलेली, दुसरीवरची तारीख पुसलेली आणि तिसरी कोणी लावली हे दुकानदारालाही ठाऊक नाही. विचारले तर उत्तर मिळाले, "चिठ्ठी आहे म्हणजे तपासणी झालीच असेल." हा समज कधीतरी महागात पडेल.

मोठ्या बाटल्यात सुमारे ४६.७ लिटर पाणी मावते. तेवढ्याच जागेत ७ घनमीटर ऑक्सिजन, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबाने कोंबलेला असतो. म्हणूनच हा बाटला दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासावा लागतो. हे काम 'गॅस सिलिंडर नियम, २०१६' प्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रातच होते. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तपासणी झाली की तारीख व केंद्राची खूण बाटल्यावर ठोकून उमटवितात. खरा पुरावा तो ठसा. कागद नव्हे.

२०२१ च्या कोरोना लाटेत ऑक्सिजनची टंचाई पडली, तेव्हा नायट्रोजन व अरगॉनचे सिलिंडरही शुद्ध करून ऑक्सिजनसाठी वापरण्याची मुभा सरकारने दिली होती. ज्या बाटल्याने असे हात बदलले, त्यावरची जुनी चिठ्ठी आजच्या मालाविषयी काहीच सांगत नाही.

समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला पर्यटक पाठीवर अशीच टाकी बांधून पाण्यात उतरतात. अमेरिकेत या टाक्या दरवर्षी आतून पाहून चिठ्ठी लावण्याचा रिवाज आहे. नवी लावण्याआधी जुनी काढतात, म्हणजे घोळ राहत नाही. जुन्या चिठ्ठीखाली ओल धरते, हेही एक कारण आहे. जव्हार-मोखाड्याच्या मुसळधार पावसात तर लोखंडी बाटल्यावर कागदाखाली गंज गुपचूप वाढत राहतो.

मग चिठ्ठी काढायची कशी? बाटला बहुधा गॅस भरणाऱ्याच्या मालकीचा असतो, म्हणून प्रथम त्याला विचारावे. ठशावरील तारीख वहीत उतरवून घ्यावी. व्हॉल्व्ह बंद करून टोपी चढवावी आणि बाटला साखळीने बांधून उभा ठेवावा. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात थोडा साबण घालून ओले फडके चिठ्ठीवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. कागद फुगला की प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावा. उरलेला डिंक त्याच फडक्याने पुसून जागा कोरडी करावी.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे. गॅसची ज्योत लावू नये, कारण तापलेल्या बाटल्यात दाब चढतो. छिन्नी किंवा ग्राइंडर चालवू नये, कारण पत्र्याला पडलेली चीर पुढे फुटण्याचे निमित्त होते. रॉकेल, डिझेल, तेल किंवा ग्रीस लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली की ठिणगीवाचूनही आग भडकते. म्हणूनच व्हॉल्व्हला तेल लावण्यास नियमांत मनाई आहे. गॅसचे नाव व धोक्याची सूचना सांगणारी चिठ्ठी मात्र काढू नये. बाटल्याचा रंगही बदलू नये. चिठ्ठीखाली खोल गंज किंवा पोचा दिसला, तर तो बाटला वापरू नये, परत पाठवावा.

आमच्या कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे की, भरलेला बाटला घेताना भावाइतकीच चौकशी ठशाची करा. पाच वर्षे उलटली असतील तर गाडीवरूनच परत करा. एक फेरी वाया जाईल, चार-दोन तासांचे काम अडेल. पण भट्टीशेजारी बसून काम शिकणारा पोरगा संध्याकाळी सुखरूप घरी जाईल. त्या हिशेबात ही फेरी फार स्वस्त आहे.