आखाडा नसलेला वस्ताद
(वेताची काठी : लेखांक १७)

सेबूचे काठीचे गुरू आन्सिओंग बाकोन यांच्यावरच्या गेल्या आठवड्याच्या लेखावर कोल्हापूरच्या एका वाचकांनी एकच प्रश्न पाठवला : "बाकोन गेले, मग ते आवार कोणाकडे गेलं?" त्यांनी स्वतः तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेली दिसते. कारण पुढे ते लिहितात की त्यांच्याकडे वस्ताद गेले की दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात : किल्ली कोणाकडे राहणार, आणि नव्या पोरांचे जोर कोण मोजणार.

प्रश्न इतका नेमका आहे की ठरलेला विषय बाजूला ठेवतो. 'एस्पादा इ दागा', म्हणजे एका हातात तलवार नि दुसऱ्या हातात सुरा, याचं वचन मी दिलं होतं. ज्यांनी हौसेने लाकडी सुरा करून घेतला असेल त्यांनी जरा धीर धरावा. शिवाय या आठवड्यात २८ ऑगस्ट येतो. २००१ साली याच तारखेला आर्निस या फिलिपिनो काठी-कलेचे गुरू रेमी प्रेसास गेले, तेही फिलिपिन्सपासून फार लांब, कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात, मेंदूच्या कर्करोगाने. जगभरचे त्यांचे शिष्य त्यांना नुसतं 'प्रोफेसर' म्हणतात. किल्लीचा प्रश्न त्यांच्याबाबतीत लावून बघितला की गंमत होते, कारण त्यांच्या मागे कुलूप लावावं असं दारच नव्हतं.

प्रोफेसरांचं गाव हिनिगारान, नेग्रोस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. हे बेट उसाचं आणि साखर कारखान्यांचं, त्यामुळे कोयता हाती नसलेला माणूस तिथे विरळाच. जन्म १९ डिसेंबर १९३६ चा. पहिली काठी आजोबांकडून, लिओन प्रेसास यांच्याकडून मिळाली. मिसरूड फुटायच्या आत पोरगं घर सोडून निघालं आणि बेटामागून बेट करत सेबूला पोचलं. तिथे तिमोतेओ मरांगा आणि पुढे खुद्द आन्सिओंग बाकोन. घड्याळजीच्या दुकानामागचं ते आवार गेल्या वेळी आपण पाहिलंच आहे : एक काठी, एक गुरू, एका वेळी एकच शिष्य, आणि गुरू वार टाकत जाणार. प्रेसास यांच्या हाताला जे वळण लागलं ते तिथलं. जूडो आणि कराटेही त्यांनी मन लावून केलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचं पहिलं मोठं काम सांगतो. जुन्या पद्धतीत समोरच्याची काठी हे लक्ष्यच नसतं, लक्ष्य असतो त्याचा हात. तर्क तलवारीचा आहे : हात निकामी झाला की हत्यार आपोआप खाली पडतं. काही जुन्या गुरूंच्या लेखी तर काठी पवित्र, तिच्यावर वार करायचा नाही, असं प्रेसास यांनीच लिहून ठेवलंय. लढाईत हे ठीक. सरावात याचा अर्थ सुजलेली बोटं, चिरलेली मनगटं, आणि महिन्याभरात गळालेले विद्यार्थी. त्यात शहरातल्या पोरांना कराटेचा पांढरा गणवेश खुणावत होताच. देशातली कला देशातच ओस पडायला लागली होती. प्रेसास यांनी साठच्या दशकात नेग्रोसवरच्याच बाकोलोदला शिकवताना नियम फिरवला : सराव करताना काठीवर काठी मारायची. वेत यासाठी सोयीचा, कारण तो फुटला तरी लाकडासारखा ढलपी होऊन उडत नाही, तंतू सुटून झिजत जातो. दशक संपता संपता ते मनिलात आले आणि राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकवू लागले. बारा वार, दोन काठ्यांची सिनावली, 'आन्यो' नावाचे आखीव हात, सगळं वर्गात शिकवता येईल असं बांधलं. नाव दिलं मॉडर्न आर्निस.

काही जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. काठीवर काठी म्हणजे टिपऱ्या, असा तो आक्षेप. मला तो अर्धाच पटतो. सिनावली बघायला टिपऱ्यांसारखीच दिसते आणि पुष्कळ जण आयुष्यभर टिपऱ्याच खेळतात, हे खरं. पण त्या एका बदलाशिवाय ही कला मनिलाच्या कॉलेजात शिरलीच नसती. आणि तिथे ती रुजली नसती तर ११ डिसेंबर २००९ ला आर्निसला फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ ठरवणारा प्रजासत्ताक कायदा ९८५० झाला असता का, याची मला शंका आहे. प्रोफेसर तो दिवस बघायला नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला ते अमेरिकेत गेले. मनिलातलं काम धाकटे भाऊ एर्नेस्तो यांनी पुढे नेलं. एर्नेस्तो म्हणजे मोठ्या भावाची सावली नव्हेत. त्यांनी 'कोम्बातान' नावाची स्वतःची पद्धत उभी केली. २०१० मध्ये तेही गेले. त्यांच्यावर एक पूर्ण लेख व्हायला हवा, पण आज नाही.

आता किल्लीकडे येतो. अमेरिकेत थोरल्या प्रेसास यांनी एका जागी बस्तान मांडून शाळा चालवली नाही. ते फिरत राहिले. शनिवार-रविवार कोणाच्या तरी कराटे शाळेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात कोणाच्या तरी जूडोच्या गादीवर. मग जर्मनी, कॅनडा. वर्षातून काही मोठी निवासी शिबिरं. अशा भटक्या शिक्षकाची अडचण अशी की समोर बसलेला प्रत्येक जण आधीच दुसऱ्या कोणाचा तरी शिष्य असतो. त्याला 'तुझं सोड, माझं धर' म्हटलं तर पुढच्या खेपेला दार उघडत नाही. प्रेसास सांगत की आर्निस तुमच्याच कलेच्या आत आहे, मी फक्त दाखवतो. कराटेवाल्याच्या हातात काठी देऊन त्याचाच हात रोखण्याचा प्रकार करायला लावत, आणि मग काठी काढून घेत. हात तसाच चालायचा. ही धोरणी चाल होती असं म्हणणारे आहेत. असेल. पण स्वतः जूडो-कराटे शिकलेल्या माणसाला ती सुचावी यात नवल नाही, आणि ती खोटीही नव्हती.

ऐंशीच्या दशकात त्यांची जोडी जमली वॉली जे यांच्याशी. हे हवाईचे जुजुत्सूचे गुरू, बोटं आणि मनगटं अगदी लहान वर्तुळात पिरगळण्यात हातखंडा. दोघे एकत्र शिबिरं घेऊ लागले आणि प्रेसास यांच्या शिकवण्यात कुलपं वाढली : वार अडवला, काठीच्या बुंध्याने मनगट अडकवलं, माणूस जमिनीवर. नव्वदच्या दशकात भर गेला 'तापी-तापी'वर, आणि शेवटी शेवटी तर ते जवळजवळ तेवढंच शिकवत.

तापी-तापी कागदावर सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो, कारण सगळा मामला त्यातच आहे. दोघांच्या हातात एकेक काठी. गुरू वार टाकतो. शिष्य काठीने अडवतो, आणि त्याच क्षणी त्याचा मोकळा डावा हात गुरूच्या काठीधारी हाताला लागतो : पकडायचं नाही, नुसतं लागायचं, दाबायचं, ढकलायचं, बाजूला सारायचं. मग शिष्याचा उलट वार. तो गुरू अडवतो आणि आपल्या डाव्या हाताने शिष्याचा हात बाजूला करतो. वार, अडवणूक, डावा हात, उलट वार, असा झोका सुरू होतो. झोका जमला की गुरू तो मोडतो. हूल देतो, किंवा शिष्याचा डावा हात त्याच्याच काठीहातावर ढकलून दोन्ही एकत्र जखडतो, किंवा टप्पा अर्धाच ठेवतो. शिष्याने ते डोळ्यांनी बघून काही उपयोग नसतो, तेवढा वेळच नसतो. डाव्या तळव्याला समोरच्या मनगटाचा ताण जाणवायला हवा. बाकोनच्या आवारातली एकास एक शिकवणी या माणसाने भरलेल्या सभागृहात आणली ती अशी : रांगेने प्रत्येकासमोर उभं राहून, प्रत्येकाला स्वतःचा हात लावून.

त्यांच्या शिबिरांचे जुने व्हिडिओ मी अजून काढून बघतो. चित्र धूसर, आवाज फाटका. ठेंगणे, रुंद खांद्यांचे प्रोफेसर समोरच्या धिप्पाड माणसाला गुंडाळून खाली बसवतात आणि बसवता बसवता हसतात. खाली गेलेला माणूसही हसत असतो. मला या माणसाचं सगळ्यात मोठं कौतुक या दुसऱ्या हसण्याचं वाटतं. कुलूप लागलेलं असताना हसू येणं सोपं नाही, ज्यांना लागलंय त्यांना विचारा.

मग २००१ साल आणि आजार. अंथरुणाला खिळल्यावर आणि त्याआधीही त्यांनी निरनिराळ्या लोकांना निरनिराळे मान दिले. काहींना 'दातू' म्हणजे सरदार, काहींना 'मास्टर ऑफ तापी-तापी', काहींवर संघटनेची जबाबदारी. ते गेले आणि वर्षा-दोन वर्षांत संघटना फुटल्या. मुलगा रेमी प्रेसास ज्युनियर आणि भावंडांनी आपली वेगळी संस्था काढली. अमेरिकेत दोन-तीन गट झाले, जर्मनीतला मोठा गट आपल्या वाटेने गेला, आणि फिलिपिन्समधले जुने शिष्य म्हणाले की आम्ही तर तुम्हा सगळ्यांच्या आधीचे. प्रत्येकाकडे प्रोफेसरांच्या सहीचा कागद होता. सगळे कागद खरे होते.

यावर गळा काढणारं लिखाण पुष्कळ झालंय : गुरू गेला, पोरं भांडली. मला ते आळशी वाटतं. हिशेब मांडून बघा. १९७० च्या सुमाराला मनिलात जो शिकला त्याला मिळाले प्रेसास ते बारा वारांचे, सिनावलीचे, आन्योचे, जोमदार आणि शिस्तीचे. १९८५ च्या आसपास अमेरिकेत जो आला त्याचे प्रेसास कुलपांचे. १९९८ मध्ये जो आला त्याला ते भेटले तापी-तापीत बुडालेले, आन्योकडे फारसं न बघणारे. शिवाय प्रत्येकाला सांगितलं होतं की तुझं तुझ्या कलेत शोध. म्हणजे कराटेवाल्याने कराटेत शोधलं, जुजुत्सूवाल्याने जुजुत्सूत. आता हे सगळे एकत्र बसून 'प्रोफेसर खरं काय शिकवत' यावर एकमत करणार कसे? कोणी खोटं बोलत नाही आणि तरी आठवणी जुळत नाहीत. २००३ मध्ये बफलो शहरात वेगवेगळ्या गटांचे लोक एका छताखाली आले आणि एकेकाने आपापलं दाखवलं. स्मृति-शिबिरंही अशीच होतात. भाषणं थोडी, हारतुरे जवळपास नाहीतच. एक शिक्षक तासभर शिकवतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि तोच बारावा वार, डोक्यावरून सरळ खाली येणारा, तिघांच्या हातात तीन तऱ्हेने रोखला जातो. नवख्याचा गोंधळ उडतो. ज्यांनी प्रोफेसरांचा हात लावून घेतलाय ते कोपऱ्यात उभं राहून कोणाचा काळ कोणता हे बरोबर ओळखतात.

सेबूतल्या दोसे पारेसचं याच्या अगदी उलट. १९३२ मध्ये निघालेला क्लब, कान्येते घराणं, पत्ता, पाटी. काकोय कान्येते २०१६ मध्ये गेले तेव्हा नव्वदी ओलांडून सहा-सात वर्षं झाली होती, पण क्लब कुठे आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही. कोल्हापूरच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिसरी तऱ्हा कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनची. शतावरीच्या शेतात राबणारे फिलिपिनो मजूर, आणि त्यांच्यातले गुपचूप शिकवणारे म्हातारे. आंखेल काबालेस यांनी १९६६ मध्ये तिथे सर्वांना खुली अशी शाळा उघडली, लिओ खिरोन यांनी दोन वर्षांनी आपली. त्या दोघांकडे शिकून गेलेले डॅन इनोसांतो म्हणजे 'गेम ऑफ डेथ'मध्ये ब्रूस ली समोर दोन काठ्या घेऊन उभे राहतात ते. त्यांची गुरूंना आठवण्याची रीत मला फार आवडते. कुठलाही हात शिकवताना हा अमुकांचा, हा तमुकांचा, असं नाव घेतल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. १९८० च्या त्यांच्या पुस्तकातही या शेतमजूर म्हाताऱ्यांची नावं आणि फोटो भरलेत. तोवर यातल्या बहुतेकांना त्यांच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं.

कोल्हापूरच्या वाचकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. बाकोन यांचं आवार कोणा एकाकडे गेलं नाही. व्हियासिन, वेलेस, मरांगा अशा शिष्यांनी आपापली घरं केली आणि बाकोन यांची पद्धत, बालिंतावाक, आज त्या त्या नावाने ओळखली जाते. प्रेसास त्याच आवारातून निघालेली एक फांदी, फक्त तिने जमीन सोडली.

दुसरं पत्र पुण्याच्या एका वाचक बाईंचं. घरात काठी ठेवलीय, व्हिडिओ बघून शिकता येईल का, असं त्या विचारतात. सिनावली येईल. अठ्ठावीस इंचांच्या, म्हणजे साधारण सत्तर सेंटिमीटरच्या दोन वेताच्या काठ्या घ्या, फार जाड नकोत, आणि जोडीदार नसेल तर झाडाला टांगलेल्या जुन्या टायरसमोर उभ्या राहा. वेत नाही मिळाला तर बांबू वापरू नका, तो उभा चिरतो आणि चीर डोळ्यात जाते. बारा वारही येतील, आरशासमोर. तापी-तापी मात्र येणार नाही. त्याला समोर दुसरा माणूस लागतो, आणि तोही असा की ज्याला तुमच्याआधी कोणीतरी हात लावून शिकवलंय. पुण्यात आर्निस किंवा काली (नाव वेगळं, कला तीच) शिकवणारे मिळतील, पण पहिल्या दिवशी फी भरण्याआधी एकच बघा : शिक्षक रांगेतल्या शेवटच्या मुलासमोरही स्वतः काठी घेऊन उभा राहतो का.