पॅड स्वस्त करायचं, पण नेमकं कुठून?
नित्याच्या वस्तूंची घडण : लेखांक ११

मुळशी तालुक्यात पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की जुलैमध्ये खाचराखाचरांतून आवणीची घाई दिसते. रोपं उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या, गुडघाभर चिखलात वाकून लावत लावत मागे सरकायचं. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडेच असतं. ताम्हिणीचा पाऊस राज्यातल्या सर्वांत जोरदार पावसांपैकी एक, त्यामुळे सकाळी भिजलेले कपडे संध्याकाळीही ओलेच राहतात. घरातल्या दोरीवरचं साधं फडकं दोन-दोन दिवस वाळत नाही. पाळीचं फडकं तर उघड्यावर टाकायचीही सोय नसते, मग ते दुसऱ्या कपड्याखाली दडवायचं आणि दमटच पुन्हा वापरायचं.

अशा बाईला ‘पॅड वापरा’ असं सांगणं सोपं आहे. पण दिवसभर वाकून काम करताना पॅड मागेपुढे सरकतं, ओल्या कापडावर त्याची चिकटपट्टी धरत नाही, घामाने मांड्या काचतात, आणि ते बदलायला बांधावर आडोसा नसतो. मुळात चिकटपट्टीचं पॅड अंगावर चड्डी आहे असं गृहीत धरतं. पूर्वीची पॅड कमरेच्या पट्ट्याला अडकवायची असत. मागे गोंद लावलेली पॅड पाश्चात्त्य बाजारात १९७० च्या सुमारास आली आणि पट्टा हळूहळू हद्दपार झाला. काष्टा घालून शेतात उतरणारी म्हातारी त्या हिशेबात कधी नव्हतीच. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे. तिथे वातानुकूलित कचेरी आहे, खुर्ची आहे, हाकेच्या अंतरावर स्वच्छतागृह आहे. दुकानात दोघींना पाकीट एकच मिळतं, आणि ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलं असेल हे ओळखायला अभियंता असावं लागत नाही.

आता पॅड उसवून पाहू. वरचा थर विणकाम न केलेल्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या फिल्मचा असतो. त्याने ओल स्वतःत न ठेवता खाली सोडायची असते. त्याखाली, चांगल्या पॅडमध्ये, एक पातळ वाटप-थर असतो. मधोमध आलेला द्रव लांबीभर पसरवणं एवढंच त्याचं काम. मग गाभा येतो, म्हणजे लाकडाचा लगदा आणि त्यात मिसळलेले जेल होणारे दाणे. सगळ्यात खाली पॉलिथिनची फिल्म, तिच्यावर गोंद, गोंदावर सिलिकॉन लावलेला कागद.

गाभ्यात कापूस का नाही, हा प्रश्न कापूस पिकवणाऱ्या राज्यात कोणालाही पडेल. स्वस्त पॅड बनवणारं छोटं यंत्र घडवणाऱ्या कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंथम यांनाही सुरुवातीला कापूसच सुचला होता. त्यांचे कापसाचे प्रयोग फसत गेले आणि कंपन्या वापरतात तो पदार्थ लाकडापासून काढलेला सेल्युलोज आहे, हे त्यांना बऱ्याच खटपटीनंतर कळलं. कापूस ओल घेतो हे खरं, पण दाब आला की तीच ओल परत सोडतो. पाइन वृक्षाच्या लगद्याचे लांब तंतू फुलवले की त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि द्रव त्यांतून ओढला जातो. पहिल्या महायुद्धात किंबर्ली-क्लार्क कंपनीने याच लगद्यापासून जखमेवर बांधायचा कापसासारखा पदार्थ बनवला होता. परिचारिकांनी तो पाळीसाठी वापरून पाहिला, आणि १९२० मध्ये कंपनीचं ‘कोटेक्स’ बाजारात आलं. एका अर्थी, या वस्तूचा पहिला आराखडा वापरणाऱ्यांनीच काढला.

लगद्याचं पॅड जाड होतं. ते पातळ झालं जेल-दाण्यांमुळे. १९७० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया शहरातल्या प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चपासून पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार केला. पुढे जपानी कंपन्यांनी असे पदार्थ आधी पॅडमध्ये आणि मग डायपरमध्ये घातले. आज वापरतात ते बहुतेक सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. हा दाणा शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट घेतो. पण त्यात मीठ मिसळलं की गणित बदलतं. शरीरातल्या द्रवाइतक्या खारट पाण्यात त्याची क्षमता साधारण तीस ते साठ पटींवर येते. रक्त तर त्याहून अवघड, कारण त्यात पेशी आहेत, प्रथिनं आहेत, आणि पाळीच्या स्रावात चिकट श्लेष्मा आणि गाठीही असतात. दाणे भसाभस घातले तर वरचे दाणे फुगून एकमेकांना चिकटतात आणि खालच्या कोरड्या दाण्यांपर्यंत काही पोचतच नाही. पॅड निम्मं कोरडं राहूनही बाजूने गळतं ते यामुळे. म्हणून पॅडची खरी परीक्षा ते किती शोषतं यापेक्षा किती चटकन पसरवतं आणि दाब आल्यावर किती धरून ठेवतं, इथे होते. जाहिरातीतलं निळं पाणी यातलं फारसं काही सांगत नाही.

गंमत म्हणजे निळं पाणी नुसतं जाहिरातीपुरतं नव्हतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ५४०५ या १९८० च्या मानकात ३० मिलिलिटर रंगीत पाणी, मेंढी-बकरीचं रक्त किंवा चाचणीचा द्रव, यांपैकी काहीही चालत असे. तो मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने पॅडच्या मध्यावर सोडायचा आणि खालून किंवा कडेने दिसता कामा नये, अशी अट होती. एका संपूर्ण पाळीत जाणारं रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर असतं. म्हणजे चाचणी कठोर वाटते, पण ती आडव्या, स्थिर पॅडवर होते. वाकणं, चालणं, उकिडवं बसणं तिच्यात नाही. हे मानक २०१९ मध्ये सुधारलं गेलं. खाचरातल्या बाईच्या हालचाली मात्र कोणत्याही प्रयोगशाळेच्या टेबलावर बसवणं कठीणच आहे.

आता किमतीकडे. पॅड स्वस्त करायचं तर आधी कात्री लागते वाटप-थराला, कारण तो काढला तरी हाताला कळत नाही. मग दाणे कमी होतात. मग खालच्या फिल्मची पाळी येते. चांगल्या फिल्ममध्ये चुनखडीची बारीक भुकटी मिसळून ती ताणतात. भुकटीभोवती सूक्ष्म छिद्रं उघडतात, त्यांतून वाफ जाते आणि द्रव अडतो. साध्या पॉलिथिनमधून वाफ जात नाही, आणि स्वस्त पॅड काचतं त्याला हे एक मोठं कारण आहे. लांबी आणि पंख कमी करणं हा शेवटचा उपाय, कारण ते गिऱ्हाइकाला लगेच दिसतं. थोडक्यात, बचत नेहमी न दिसणाऱ्या जागी होते आणि वापरणारीला ती चौथ्या तासाला कळते.

यात करांचीही गोष्ट आहे. जुलै २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला तेव्हा मोठी ओरड झाली आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्यावर आला. पण जेल-दाणे, पॉलिथिन फिल्म आणि गोंद यांच्यावर तेव्हा १८ टक्के कर होता, लगदा आणि विणकाम न केलेल्या कापडावर १२ टक्के. तयार मालावर करच नसला की कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो किमतीतच मुरतो. त्यामुळे ‘करमुक्त’ झालेलं पॅड बारा टक्क्यांनी स्वस्त झालं असं समजणं भाबडेपणाचं होतं.

महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता’ योजना आणली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, तेही बचत गटांच्या मार्फत. कल्पना चांगली होती, कारण दुकानदार पुरुषासमोर पाकीट मागण्याचा संकोच तिने टाळला. मात्र पाच रुपये ही विक्रीची किंमत होती, बनवण्याची नव्हे. फरक सरकार भरत होतं.

बनवण्याचा खर्च कमी करण्याचा एक वेगळा प्रयत्न मुंबईत झाला. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या सुहानी मोहन यांनी कार्तिक मेहता यांच्यासोबत ‘सरल डिझाइन्स’ सुरू केली आणि पातळ, पंखांची पॅड स्वयंचलितपणे बनवणारं छोटं यंत्र तयार केलं. मोठ्या कारखान्यातली यंत्रं मिनिटाला हजाराहून जास्त पॅड काढतात. त्यांच्या वेगाशी लहान यंत्राची बरोबरी होऊ शकत नाही, पण मुरुगनंथम यांच्या हाताने चालणाऱ्या यंत्रांवर जे जाड पॅड निघे त्याऐवजी बाजारातल्यासारखं पॅड गावाजवळ बनू शकतं. वाहतूक आणि मधल्या साखळीचा खर्च वाचतो. लगदा आणि दाणे मात्र तरीही विकतच आणावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के तरुणींनी पॅड आणि ५० टक्के तरुणींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं. बेरीज शंभरावर जाते, कारण पुष्कळ जणी दोन्ही वापरतात. बाहेर जाताना पॅड आणि घरात कापड, हा हिशेब सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

वापरून झालेल्या पॅडचा खर्च तर पाकिटावर कधीच छापलेला नसतो. पुण्यात तो वर्षानुवर्षं कचरावेचक बायकांच्या हातांनी भरला. कागदात न गुंडाळलेली पॅड त्यांना ओल्या-सुक्यातून हाताने वेगळी काढावी लागत. त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेली पॅड गोळा करून ती थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवली. निषेध म्हणून याहून नेमका कोणता प्रकार सुचला असता? त्याच बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून पॅड टाकण्यासाठी विकूही लागल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. घंटागाडी जात नाही अशा वाडीत मात्र पिशवी असूनही प्रश्न उरतो. जेल झालेलं पॅड चुलीत जळत नाही, धुमसतं. ते नीट जाळायला भट्टी ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापावी लागते, आणि शाळेतल्या छोट्या भट्ट्यांकडून ती अपेक्षा धरणं अवघड आहे.

म्हणूनच गाभ्यासाठी दुसरा तंतू शोधण्याला अर्थ आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेने सिसलच्या पानांपासून फुललेला, शोषक तंतू तयार केल्याचं दाखवलं. कापसाहून तो जास्त ओल धरतो. सिसल म्हणजे घायपाताच्याच कुळातली वनस्पती, आणि घायपात महाराष्ट्रात बांधावर कुंपण म्हणून लावतात, त्याचे दोर वळतात. रासायनिक प्रक्रिया, निर्जंतुकीकरण आणि दर तुकडीची सारखी प्रत हे टप्पे अजून गावपातळीवर सोपे नाहीत. पण लगद्याची आयात हा पॅडच्या किमतीतला सगळ्यात चिवट आकडा असेल, तर शोध याच दिशेने व्हायला हवा.

पुढच्या लेखांकात बाळाचा डायपर. तिथेही पिओरिया भेटेल. १९६१ मध्ये ‘पॅम्पर्स’ पहिल्यांदा विकून पाहिले ते याच शहरात. आयांना ते आवडले, पण एका नगाला दहा सेंट मोजायला त्या तयार नव्हत्या. कंपनीला किंमत सहा सेंटच्या आसपास आणण्यासाठी उत्पादनाचा पुन्हा विचार करावा लागला.